जुनी तोटी

दुर्गाघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीतील एका जुन्या घरात रात्री एकच आवाज ऐकू येत असे. दुसऱ्या मजल्यावरील न्हाणीघरात बेसिनवर एक पितळी तोटी होती. तिच्यातून पाण्याचा थेंब सुटे आणि खालच्या चिनी मातीच्या पांढऱ्या भांड्यावर टपकन पडे. मग क्षणभर शांतता. मग पुन्हा थेंब. दिवसा हा आवाज कुणाच्या कानी पडत नसे. काशीचा दिवस देवळांतील घंटांचा, फेरीवाल्यांच्या हाकांचा आणि गल्लीतून वाट काढणाऱ्या गाईगुरांचा असतो. रात्री मात्र सारे घाट निजत आणि त्या घरात थेंब तेवढा जागा राही.

त्याच्याबरोबर आणखी एक जीव जागा असे. त्या घरात 74 वर्षांच्या आजी एकट्याच राहत होत्या. गल्लीतील मराठी घरांच्या त्या आजी होत्याच. पण हिंदी बोलणाऱ्या घरांतील मुलेही त्यांना आजी म्हणूनच हाक मारीत. यजमानांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास होता. थेंब पडतो म्हणून झोप येत नाही, की झोप येत नाही म्हणून थेंब ऐकू येतो, हे आजींना कधी नीट उमगले नाही.

एका संध्याकाळी त्यांनी तोटीखाली एक लिटरचा तांब्या ठेवला आणि घड्याळाकडे पाहिले. तांब्या भरायला दोन तास लागले. म्हणजे दिवसाला 12 लिटर आणि वर्षाला 4,380 लिटर. हा आकडा त्यांनी दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. शेजारीण ते पाहून हसली. गंगा दारात असताना थेंबांचा कसला हिशेब, असे तिला वाटले. आजी म्हणाल्या, "गंगा दारात आहे, म्हणून ओंजळ सांडायची का? आणि ती काही आपल्या पायांनी जिना चढून वर येत नाही. तिला वर आणायला पंप लागतो, वीज लागते, माणसाचे कष्ट लागतात."

पाण्याइतकीच दुसरी एक चिंता आजींना होती. ती त्यांनी शेजारणीला सांगितली नाही. दर रविवारी पुण्याहून फोन येई. मुलगा मायेनेच बोले, पण बोलणे फिरून एकाच ठिकाणी येई. "आई, आता इकडे ये. त्या घरात एक नळ धड राहिलेला नाही. उद्या रात्री काही झाले तर तुझ्याजवळ कोण आहे? दिवाळीला मी येतो, तेव्हा घराचे काय ते ठरवून टाकू." घराचे ठरवणे म्हणजे घर विकणे, हे आजींना कळत होते. मुलाचे म्हणणे चुकीचे नव्हते, हेही कळत होते. म्हणूनच तो थेंब त्यांना अधिक टोचत असे. तोटी गळते म्हणजे आई थकली, असा त्याचा अर्थ पुण्यात लावला जात होता.

काशी आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. पैठणच्या संत एकनाथांनी आपले भागवत याच नगरीत 1573 मध्ये पूर्ण केले. शिवाजी महाराजांच्या 1674 मधील राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीचेच. विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 च्या सुमारास पुन्हा उभारले. पेशवाईच्या काळात अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या परिसरात त्यांच्या पिढ्या नांदल्या. आजींचे सासर अशाच घरांपैकी एक. त्यांच्या बोलण्यात मराठी आणि बनारसी हिंदी अशी मिसळून गेली होती की कोणता शब्द कुठला, हे त्यांनाही सांगता आले नसते. त्या 'तोटी' म्हणत, गल्ली 'टोंटी' म्हणे. 'त'चा 'ट' आणि एक अनुस्वार, एवढाच काय तो फरक.

एकनाथांची एक कथा आजींच्या फार आवडीची होती. नाथ काशीच्या गंगेचे पाणी कावडीतून रामेश्वराला घेऊन चालले होते. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडताना दिसले. नाथांनी कावडीतील पाणी त्याच्या तोंडात ओतले आणि माझी पूजा इथेच रामेश्वराला पोचली, असे ते म्हणाले, अशी ही कथा. आजी ती सांगत तेव्हा शेवटी एक वाक्य स्वतःचे घालीत : "कावड किती जड असते, हे ज्याने वाहिली त्यालाच ठाऊक. म्हणून ते देणे मोठे."

आजींच्या सासूबाईंच्या तरुणपणी घरात नळ होता, पण त्याचा मान बेताचा होता. काशीत नळाचे पाणी सहजासहजी आले नाही. भदैनी येथे नदीचे पाणी उपसायचे आणि भेलूपूर येथे ते शुद्ध करून शहराला पुरवायचे, अशी ती योजना होती. भदैनी येथील एक राममंदिर या कामासाठी पाडले जाणार, या भीतीने 1891 च्या एप्रिल महिन्यात शहरात मोठी दंगल उसळली. पुढे 1892 मध्ये पाणीपुरवठा सुरू झाला, तरी जुन्या वळणाच्या घरांतील संशय लगेच गेला नाही. त्या काळच्या तोटीत पाणी अडवण्यासाठी चामड्याची चकती बसवलेली असे. चामड्याला शिवून आलेले पाणी सोवळ्यात कसे चालेल, असा प्रश्न देशात अनेक घरांत विचारला जाई. सासूबाई भांडी घासायला नळाचे पाणी घेत आणि देवासाठी व पिण्यासाठी पंचगंगेवरून कळशी भरून आणीत. घाटाच्या उंच पायऱ्या चढताना त्यांना धाप लागे. पुढे चामड्याच्या जागी रबर आले, सासूबाईंचे गुडघे थकले आणि एक दिवस नळाचे पाणी देवघरात गेले. कुणी त्याची चर्चा केली नाही. जी गोष्ट वादाने सुटली नाही, ती गुडघ्यांनी सोडवली.

बेसिन आणि त्यावरची तोटी ही मात्र आजींच्या यजमानांची हौस होती. 1978 च्या सप्टेंबरात गंगेला विक्रमी पूर आला होता. खालच्या गल्ल्यांत पाणी शिरले, तळमजल्यावरची न्हाणी चिखलाने भरली. दुसऱ्या वर्षी यजमानांनी दुसऱ्या मजल्यावर छोटे न्हाणीघर बांधून घेतले. ते एका शाळेत शिकवीत. पगार थोडा, त्यामुळे मजुरी वाचवण्यासाठी तोटी त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवली. "हिला काही होणार नाही, भरीव पितळ आहे," असे ते म्हणाले होते.

ते म्हणणे बरेचसे खरे ठरले. अशा तोटीची रचना साधी असते. वरची मूठ फिरवली की आतला दांडा आट्यांवरून खाली उतरतो. दांड्याच्या टोकाशी रबराची चकती असते. तिला सगळे वायसर म्हणतात. ती पाण्याच्या तोंडावरील गोल बैठकीवर दाबून बसली की पाणी थांबते. इंग्लंडमधील रॉदरहॅम या गावच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळकाम करणाऱ्या कारखान्याने 1845 मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. तेव्हापासून जगभरच्या घरांत तीच युक्ती चालत आली आहे. वायसर झिजला की दोन-चार रुपयांत नवा बसे. यजमान दर दोन वर्षांनी तो बदलीत. त्यांच्या मागे आजींनीही तीनदा बदलून घेतला. पण आता नवा वायसर घालूनही थेंब थांबत नव्हता. आतली बैठकच खाचून गेली होती आणि दांड्याचे आटे झिजून गुळगुळीत झाले होते. तोटी काढणे भाग होते.

कोजागरी पौर्णिमा होऊन गेली होती. पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकांना टोपल्यांतून आकाशदीप लागू लागले होते. आजींनी ओळखीच्या नळकाम करणाऱ्या उस्तादांना निरोप पाठवला. उस्ताद कंबरदुखीने अंथरुणाला खिळले होते. त्यांनी आपल्या हाताखालच्या मुलाला पाठवले.

मुलगा 17 वर्षांचा होता. त्याचे वडील मदनपुऱ्यात हातमागावर बनारसी साड्या विणीत. यंत्रमागापुढे हातमागाचे काम कमी झाले, तसे घराचे उत्पन्न आटले आणि आठवीनंतर मुलाची शाळा सुटली. पायांत झिजलेल्या चपला, खांद्यावर अवजारांची पिशवी, अशा वेशात तो दारात उभा राहिला. आजींनी त्याला वर नेले. त्याने पिशवी खाली ठेवली, बेसिनखाली डोके घालून बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "आजी, आज निघणार नाही."

"का रे बाळा?"

मुलाने बोट दाखवले. तोटीचे शेपूट बेसिनच्या भोकातून खाली उतरले होते. त्याला खालून आवळून धरणारा नट पांढऱ्या चुन्याच्या थराने मढला होता. काशीच्या पुरवठ्यात नदीच्या पाण्याबरोबर नलिकाकूपांचेही पाणी असते. त्यात विरघळलेले क्षार वर्षानुवर्षे एकेका थेंबाबरोबर मागे राहतात आणि दगडासारखे घट्ट होतात. नटाच्या खाली एक जोडनळी होती आणि ती भिंतीतून आलेल्या लोखंडी नळीला जोडलेली होती. तो सांधा गंजून फुगला होता. गंज मूळच्या लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून आट्यांत गंज शिरला की कुणीतरी पाचर ठोकावी तसा सांधा जखडून जातो. शिवाय तोटीच्या मानेपाशी पिवळ्या पितळावर लालसर डाग दिसत होता. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. पाण्याच्या सततच्या संगतीने त्यातले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा ठिसूळ, लालसर सांगाडा उरतो. बाहेरून भरीव दिसणारी वस्तू आतून अशी पोकळ होते.

"जोर लावला तर चूडी मरेल," मुलगा म्हणाला. "आणि भिंतीतली नळी तुटली तर भिंत फोडावी लागेल."

चूडी हा शब्द ऐकून आजी क्षणभर थबकल्या. बनारसचे कारागीर आट्यांना चूडी म्हणतात, हे त्यांना ठाऊक होते. यजमानही बेसिनखाली आडवे होऊन हाच शब्द बोलले होते, तेव्हा त्यांनी लटक्या रागाने स्वतःच्या हातातील हिरव्या बांगड्या पदराआड लपवल्या होत्या. ते आठवून त्या किंचित हसल्या आणि मग गंभीर झाल्या. भिंत फोडणे म्हणजे काय, हे त्यांना चांगले कळत होते. लहान लाखोरी विटांची आणि चुन्याची ती जाडजूड भिंत होती. एकदा हात घातला की किती दूरवर ढासळेल, हे कुणी सांगू शकले नसते. खर्च मोठा, राडा मोठा आणि दिवाळीला मुलगा येणार तेव्हा न्हाणीघराची भिंत उघडी पडलेली असणार. मग पुढे काही बोलायला जागाच उरली नसती.

"मग काय करायचे?"

"सिरका आहे?"

बनारसच्या घरात लोणच्यासाठी सिरका असतोच. आजींनी बाटली आणली. मुलाने जुन्या धोतराच्या फडक्याच्या पट्ट्या केल्या, त्या सिरक्यात भिजवल्या आणि नटाभोवती गुंडाळल्या. थोड्याच वेळात फडक्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले. सिरक्यातील आम्ल चुन्याच्या थराशी भिडले की वायू सुटतो आणि थर विरघळू लागतो. भिंतीजवळच्या लोखंडी सांध्यावर त्याने गंज सैल करणारे तेल थेंबथेंब सोडले.

"उस्ताद म्हणतात, रात्रभर औषध पिऊ दे," असे सांगून तो निघाला. आजींनी पैसे पुढे केले. त्याने मान हलवली. "काम झाले नाही अजून."

त्या रात्री थेंब पडतच होता. परंतु आजींना वाटले, त्याच न्हाणीघरात, त्याच अंधारात आता दुसरेही काहीतरी निमूटपणे चालले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळचे पाणी येऊन गेल्यावर मुलगा आला. पहिले काम गच्चीवरच्या टाकीपाशी होते. तेथला व्हॉल्व्ह त्याने बंद केला. पण व्हॉल्व्हही जुना. तो पूर्ण बसेना. मुलाने खाली येऊन तोटी उघडून पाहिली, तर करंगळीएवढी धार चालूच. तेव्हा आजींनी घरातील बादल्या, कळश्या, पातेली, तांब्याची घंगाळी अशी सारी भांडी काढली. दोघांनी मिळून टाकीतील पाणी भरून ठेवले. टाकी रिकामी झाली, धार बारीक झाली, तुटक झाली आणि थांबली. एकही तांब्या वाया गेला नाही, याचे आजींना समाधान वाटले.

मग मुलगा बेसिनखाली पाठीवर आडवा झाला. पट्ट्या सोडल्या, तेव्हा कालचा पांढरा थर ओल्या खडूसारखा झाला होता. जुन्या दातघासणीने त्याने तो खरवडून काढला. पण नटाला हात न लावता तो आधी भिंतीजवळच्या सांध्याकडे वळला. पिशवीतून त्याने दोन पाने काढले. एका पान्याने भिंतीतून आलेली नळी पकडली आणि दुसरा जोडनळीच्या नटाला लावला.

"दोन कशाला?" आजींनी विचारले.

"एक फिरवायला आणि एक धरायला. एकाच पान्याने फिरवले तर सारा जोर भिंतीत जातो. ज्याला सोडवायचे त्याला फिरवायचे. बाकीच्याला धक्का लागू द्यायचा नाही."

आजी दारातील स्टुलावर बसून होत्या. त्यांच्या लक्षात आले की मुलगा काम करताना पुटपुटत होता. प्रत्येक पायरीला तो उस्तादांचे एकेक वाक्य स्वतःला सांगत होता. हे त्याचे एकट्याने केलेले पहिले काम असावे, हे त्यांनी ओळखले. ओळखले, पण बोलून दाखवले नाही.

त्याने पान्याला हलकासा झोका दिला. सांधा हलला नाही. त्याने हातोडीने नटावर सभोवार हलके ठोके मारले. आटे हादरले की गंजाची पकड सुटते. पुन्हा झोका दिला. काही नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. आता तो जोर लावील, असे आजींना वाटले आणि त्यांनी श्वास रोखला. पण त्याने उलट केले. नट सोडण्याऐवजी त्याने तो किंचित आवळला. केसभर आवळला, मग सोडला. पुन्हा केसभर आवळला, मग सोडला. चौथ्या-पाचव्या वेळी कर्र असा कोरडा आवाज झाला आणि तांबूस भुकटी त्याच्या छातीवर पडली.

"हे उस्तादांनी शिकवले?"

"नाही, अब्बांनी." मुलगा बेसिनखालूनच म्हणाला. "मागावर धागा अडकला की ते ओढू देत नाहीत. ओढला की गाठ बसते. म्हणतात, आधी थोडा परत जाऊ दे, मग तो स्वतःच सुटतो."

सांधा सुटला. भिंतीतील नळी जागची हलली नव्हती. आता राहिला बेसिनखालचा मोठा नट. आजी उठून बेसिनपाशी आल्या आणि जाड फडक्याने वरून तोटी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या राहिल्या, म्हणजे नटाबरोबर ती फिरू नये. खालून पाना फिरू लागला. आजींनी डोकावून पाहिले आणि त्या म्हणाल्या, "अरे, उलटा फिरवतोस. हा तर आवळतो आहेस."

"नाही आजी, सोडतोच आहे."

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. देवाला प्रदक्षिणा घालतो त्या दिशेने आटे आवळले जातात आणि उलट दिशेने सुटतात. पण खाली पडून वर पाहणाऱ्याला जी दिशा डावी वाटते, तीच वर उभे राहून खाली पाहणाऱ्याला उजवी वाटते. मुलाने खालून बोट फिरवून दाखवले, आजींनी वरून फिरवून पाहिले आणि मग दोघेही हसले. आजींच्या मनात आले, पुण्याच्या फोनवरही बहुधा हेच घडत असावे. नट एकच, पाहणारे मात्र एक वर, एक खाली.

अर्ध्या तासाने तोटी हातात आली. लालसर डागाची ती मान शेवटपर्यंत टिकली. बेसिनला तडा गेला नाही. भिंतीतील नळीच्या आट्यांवर मात्र काळपट काहीतरी लपेटलेले होते. मुलाने ते नखाने उकलले. सफेदा लावून गुंडाळलेली सुतळी होती ती. सांध्यातून पाणी झिरपू नये म्हणून पूर्वी असेच करीत. सुतळीचा पीळ अजूनही शाबूत होता आणि तिचे वेढे एकाशेजारी एक, वहीतल्या ओळींसारखे सरळ होते. आजींनी ती तळहातावर घेतली. शाळेत मुलांकडून सुवाच्य अक्षर घटवून घेणाऱ्या माणसाचे ते काम होते. त्या काही बोलल्या नाहीत. मुलगाही काही बोलला नाही. पण नवी फीत गुंडाळताना त्याने ती अधिक निगुतीने गुंडाळली.

हल्ली सुतळीची जागा पांढऱ्या टेफ्लॉनच्या फितीने घेतली आहे. हा पदार्थ 1938 मध्ये अमेरिकेतील रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला दुसऱ्याच कशाचा शोध घेताना अचानक सापडला. फीत आट्यांच्याच दिशेने गुंडाळावी लागते. उलट गुंडाळली तर सांधा आवळताना ती उसवून बाहेर येते. मुलाने जुने आटे तारेच्या घासणीने स्वच्छ केले, त्यावर फितीचे वेढे दिले आणि नवी जोडनळी बसवली. ती पहिल्या दोन फेऱ्यांतच सहज चढली, याचे आजींना नवल वाटले. नळी चार दशकांपूर्वीची, जोडनळी काल बाजारातून आणलेली. मग त्यांचे आटे जुळले कसे?

त्याचे उत्तर बरेच जुने आहे. एकेकाळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत आणि एकाचा नट दुसऱ्याला बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने 1841 मध्ये आट्यांचे एकच प्रमाण असावे असे सुचवले. आटे किती खोल, किती तिरके आणि एका इंचात किती, हे ठरून गेले. आपल्या घरांतील अर्ध्या इंचाच्या नळीवर आजही एका इंचात 14 आटे असतात. अनोळखी माणसांनी, वेगवेगळ्या काळात, एकमेकांना न पाहता केलेल्या वस्तू त्यामुळे एकमेकींत बसतात. शिक्षकाने बसवलेल्या नळीवर विणकराच्या मुलाने लावलेली जोडनळी चढली, ती याच जुन्या समजुतीच्या बळावर.

नवी तोटी बसली. व्हॉल्व्ह उघडून संध्याकाळच्या पाण्याची वाट पाहिली. टाकीत पाणी आले, नळीतून हवा फुसफुसली आणि स्वच्छ धार पडली. मुलाने तोटी बंद केली. मग प्रत्येक सांध्याखालून कोरड्या कागदाचा तुकडा फिरवला आणि उजेडात धरून पाहिला. कागद कोरडा होता. तेव्हा कुठे त्याचा चेहरा मोकळा झाला.

आजींनी चहा केला आणि चकल्यांची बशी पुढे ठेवली. ज्या घरात एकेकाळी चामड्याच्या चकतीमुळे पाणी अडत होते, त्या घरात दोघे समोरासमोर बसून चहा प्याले. मुलगा म्हणाला, "आजी, या तोटीचे ठठेरी बाजारात वजनावर पैसे मिळतील. भरीव पितळ आहे."

हे शब्द आजींनी पूर्वी एकदा ऐकले होते. त्यांनी तोटी उचलली, हातात तिचे वजन पाहिले आणि मुलाच्या पिशवीत ठेवली.

"विकू नकोस. उघडून बघ. आत काय काय आहे, कशाने झिजले, कुठून गळत होते, ते नीट बघ. पुस्तक समज."

मुलाने तोटी पिशवीतून पुन्हा बाहेर काढली, मूठ फिरवून पाहिली आणि हळूच म्हणाला, "आजी, हे माझे एकट्याचे पहिलेच काम होते."

"ठाऊक आहे मला," आजी म्हणाल्या. "म्हणून तर मी तोटी इतकी घट्ट धरली होती."

रविवारी पुण्याहून फोन आला. आजींनी सांगितले, "नळ बदलला."

"कुणी बदलला?"

"आम्ही दोघांनी."

दोघे म्हणजे कोण, हे मुलाने विचारले आणि आजींनी सारी हकिगत सांगितली. सिरका, दोन पाने, सुतळीचे वेढे, सगळे. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मुलगा म्हणाला, "बाबांनी बसवला तेव्हा मी कंदील धरून उभा होतो, आई." घराचा विषय त्या दिवशी निघाला नाही. तो मिटला असे नव्हे. एक तोटी बदलल्याने वय कमी होत नाही आणि पुण्याचे अंतरही कमी होत नाही, हे आजी जाणून होत्या. दिवाळीला मुलगा येईल, बोलणे होईल. पण ते बोलणे आता गळक्या नळापासून सुरू होणार नव्हते. आधी थोडे त्याच्या बाजूने जाऊ द्यावे, मग हलक्या हाताने आपल्या बाजूने आणावे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

त्या रात्री आजींना फार उशिरापर्यंत झोप आली नाही. घरात काहीच वाजत नव्हते. इतक्या वर्षांची सोबत गेल्यासारखे वाटत होते. अखेर त्या उठल्या, न्हाणीघरात गेल्या आणि अंधारातच त्यांनी तोटीच्या तोंडाखाली तळहात धरला. बराच वेळ धरला. हात कोरडाच राहिला. खिडकीतून दूरवर पंचगंगेवरील आकाशदीप मिणमिणताना दिसत होते. आजींनी पदराला हात पुसला, तो पुसण्याची काही गरज नव्हती तरीही, आणि त्या शांतपणे झोपायला गेल्या.